शेवटचा आला का?

सायकलच्या शर्यतीत पहिला कोण आला, हे अस्माराताईंना विचारण्यात काही अर्थ नसायचा. त्यांना ते आठवायचंच नाही. "असेल कुणीतरी बेल्जियमचा," असं म्हणून त्या विषय झटकून टाकायच्या. पण शेवटचा कोण आला, तो कुठल्या वळणावर पडला होता, त्याचा कुठला गुडघा फुटला होता आणि तरीही तो कसा धापा टाकत पोचला, हे त्या अशा काही सांगायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, हा मुलगा यांच्या सख्ख्या नात्यातला आहे. या मोठ्या शर्यतींत पहिला आल्यानंतर ठरावीक वेळात जो पोचत नाही त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. ताईंचा सगळा जीव त्या ठरावीक वेळेत अडकलेला असायचा.

सिंगापुरात आमचा रविवारचा कार्यक्रम ठरलेला होता. उजाडताना ईस्ट कोस्ट पार्कला जमायचं, चांगीपर्यंत सायकली मारायच्या, घामाने निथळत बेडॉकला ताईंच्या फ्लॅटवर यायचं आणि त्यांच्या आईच्या हातचे पोहे खात आदल्या दिवशीची शर्यत रेकॉर्डिंगवर बघायची. निकाल कुणी आधी सांगायचा नाही, हा कायदा. एकदा आमच्यातल्या एका उत्साही बँकरने शनिवारीच व्हॉट्सॲपवर 'काय जिंकला राव!' असं टाकलं, तर काकूंनी, म्हणजे ताईंच्या आईने, त्याच्या पोह्यांवर खोबरं घातलं नाही. पुढचे कित्येक रविवार घातलं नाही.

तर शर्यत संपायची. विजेता हात वर करायचा, पाठोपाठ मुलाखती व्हायच्या आणि रेकॉर्डिंगच्या शेपटाला पुढच्या कार्यक्रमातलं गोल्फ लागायचं. आम्ही उठायला लागलो की ताई रिमोट मांडीखाली सरकवायच्या. "थांबा. शेवटचा आला का?"

माझी बायको अनघा हसायला लागायची. "अहो ताई, ही शर्यत काल संपलीये. तो शेवटचा काल रात्री जेवून झोपलासुद्धा असेल."

"असेल गं. पण आपण त्याला अजून बघितलं कुठे?"

मग लॅपटॉप उघडायचा. निकाल खालून वर वाचायचा, तळाशी असलेलं नाव सापडलं की त्या मान डोलवायच्या. "हं. पोचला. आता टीव्ही बंद करा." तोवर आम्ही सगळे गोल्फ बघत बसलेलो असायचो. आमच्या लेकीला वाटायचं की मराठी लोकांत रविवारी पोह्यांनंतर गोल्फ बघायची पद्धतच आहे. "आंटी स्टिल वेटिंग लाह," असं ती मला हळूच सांगायची. तो टीव्ही आता आमच्या घरी आहे. ताई आणि काकू पुण्याला कायमच्या परत गेल्या तेव्हा ताईंनी तो माझ्या गळ्यात मारला.

माझी त्यांच्याशी ओळख पाठदुखीतून झाली. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या सॉफ्टवेअरसमोर मी दिवसभर वाकून बसायचो. एक दिवस बूट घालायला वाकलो तो तसाच राहिलो. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तपासलं आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तिथे पन्नाशीच्या एक बाई, केस बारीक कापलेले, दंड माझ्यापेक्षा दणकट. कागदावरचं माझं नाव वाचून त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "पुण्याचा का?"

"हो. म्हणजे सदाशिव..."

"पेठ राहू दे. पाठ दाखव."

मी म्हटलं, "मॅडम, ऑफिसमधली खुर्ची बदलून घेऊ का?"

"खुर्चीला काय धाड भरलीये? खुर्ची चांगली आहे. तू तिच्यावरून ऊठ." आणि व्यायामांच्या खाली त्यांनी सायकल लिहून दिली. मी समजलो, जिममधली असेल. रविवारी पहाटे फोन खणखणला, "कुठे आहेस? सगळे थांबलेत तुझ्यासाठी." त्या दिवशी भाड्याच्या सायकलवरून मी ईस्ट कोस्टला जे हाल सोसले ते सांगण्यासारखे नाहीत. सगळे पुढे निघून गेले होते आणि माझ्या मागे फक्त ताई होत्या. मला वाटलं, थकल्या बिचाऱ्या. नंतर कळलं, त्या नेहमीच सगळ्यांच्या मागे असायच्या. आमच्यातल्या कुणापेक्षाही जोरात जाऊ शकत असून मागे असायच्या.

चढ आला, म्हणजे सिंगापुरात चढ तो कसला, पूलच, तर मागून त्यांची आरोळी यायची, "आजोखा!" बाई असली तर "आजोखी!" मला आधी ते कोकणातलं काहीतरी वाटलं. ते निघालं आफ्रिकेतल्या तिग्रिन्या भाषेतलं. हिंमत धर, सोडू नकोस, असा त्याचा अर्थ. हॉस्पिटलात अर्धांगवायू झालेल्या चिनी आजीबाईंनासुद्धा त्या चालवताना हेच म्हणायच्या. एकदा मी व्यायामाला गेलो असताना एक सुरकुतलेली आजी वॉकर धरून पाऊल टाकत होती आणि स्वतःच स्वतःला बजावत होती, "आजोखी, आजोखी." पुण्याच्या बाईने चिनी आजीला शिकवलेला आफ्रिकेचा शब्द ऐकून मी माझी पाठ विसरलो.

त्यांचं खरं नाव सुलभा खरे. पण अस्मारा या गावाचं नाव त्यांच्या तोंडी इतकं असायचं की आम्ही त्यांना तेच चिकटवलं. अस्मारा ही एरिट्रियाची राजधानी. ताईंच्या लहानपणी तो सगळा भाग इथिओपियाच्या राज्यात होता आणि तिथल्या सरकारी शाळांत शिकवायला भारतातून मास्तर जायचे. ताईंचे वडील गणिताचे मास्तर. इटालियन लोक तिथे राज्य करून गेले, ते जाताना कॉफी आणि सायकल मागे ठेवून गेले. "आपल्याकडे इंग्रज क्रिकेट ठेवून गेले ना, तसं," ताई म्हणायच्या, "फक्त सायकलला अंपायर लागत नाही." रविवारी ताडाच्या झाडांच्या मोठ्या रस्त्यावर शर्यत असायची आणि चर्चमधून सुटलेलं अख्खं गाव पांढऱ्या कपड्यांत दुतर्फा उभं राहायचं. शेजारी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं घर होतं. त्याची मुलगी मेहरेत ताईंच्या वयाची. दोघींमध्ये मिळून एक लाल सायकल, वडिलांनी एका इटालियन कुटुंबाकडून जुनी घेतलेली. एक चालवायची, एक मागे बसायची, आणि कुणी चालवायचं यावरून रोज झिंज्या ओढून भांडणं.

मग स्वातंत्र्याची लढाई गावाच्या वेशीवर आली. शाळा बंद झाल्या, पाणी बंद झालं. परदेशी मास्तरांना विमानतळावर न्यायला एक ट्रक आला. माणशी एक पिशवी, सायकल नेता येणार नव्हती. बारा वर्षांच्या ताईंनी सायकलची घंटी तेवढी काढून फ्रॉकच्या खिशात टाकली आणि सायकल मेहरेतच्या हातात दिली. "मी परत येते. तोपर्यंत चालव." ट्रक निघाला तशी मेहरेत त्या सायकलवर बसून मागे निघाली. रस्ता उताराचा होता, ट्रकने वेग घेतला, ती जीव खाऊन पेडल मारत होती. आणि मग कुणीतरी ट्रकची मागची ताडपत्री खाली सोडली.

"ती कुठपर्यंत आली, घरी नीट परतली की नाही, काही कळलं नाही रे," ताई म्हणाल्या. "रस्त्यात सैनिक होते. संध्याकाळी गोळीबार झाल्याचं आम्ही पुण्याला पोचल्यावर रेडिओवर ऐकलं. बाबांनी पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही." हे त्यांनी चांगीच्या बाकावर बसून, नारळपाणी पिता पिता सांगितलं आणि लगेच उठून टायरमधली हवा बघायला लागल्या. ती घंटी त्यांच्या झकपक कार्बनच्या सायकलवर बसवलेली होती, गंजलेली, घोगरी. येणारे जाणारे सिंगापुरी सायकलवाले तिच्याकडे बघून हसायचे. हे ऐकल्यानंतर अनघाने गोल्फवरून त्यांची थट्टा करणं सोडलं. सोडलं म्हणजे कमी केलं.

त्याच सुमाराला, म्हणजे दोन हजार दहाचं दशक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा, ताईंना जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर एका टीमचा पत्ता लागला. दक्षिण आफ्रिकेत उभी राहिलेली लहानशी टीम. तिच्यात तिथले गोरे होते, काळे होते, रवांडाचा कुणी, आणि चक्क एरिट्रियाचे रायडर. युरोपच्या या खेळात आफ्रिकेतल्या माणसाला कुणी विचारत नव्हतं तेव्हा या टीमने ठरवलं होतं की फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत जायचं. लोक त्यांना हसत होते. ताईंनी एका दिवसात त्यांना पोटाशी धरलं. त्या दिवसापासून 'आमची टीम' म्हणजे हीच टीम. काकूंनी फोटो बघितले आणि कपाळाला हात लावला. "अगं, किती वाळलीयेत ही पोरं! ही टीम कसली, ही उपासमार आहे."

पुढे कळलं की ही टीम मलेशियातल्या शर्यतीला येणार आहे. झालं! मिनीबस ठरली, पासपोर्ट गोळा झाले, आणि काकू वॉकर ढकलत ओट्याशी उभ्या राहिल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना फार वेळ उभं राहवत नसे, तरी त्यांनी अख्ख्या टीमला पुरतील एवढ्या गूळपोळ्या केल्या. वर तुपाचा डबा. सीमेवर तो डबा उघडून दाखवताना माझी जी शोभा झाली ती झालीच.

टप्पा जिथे संपणार होता त्या गावात आम्ही उन्हात उभे राहिलो. घोळका सुसाट आला आणि गेला. कोण कुठला, काही दिसलं नाही. फक्त ताई "आजोखा!" म्हणून अशा काही किंचाळल्या की घोळक्यातला एक सावळा चेहरा दचकून आमच्याकडे वळला. शेवटचा येईपर्यंत आम्ही थांबलो, हे सांगायला नकोच. मग डबा घेऊन टीमच्या गाड्यांपाशी गेलो. एक उंच गोरा माणूस पुढे आला आणि फार नम्रपणे म्हणाला की रायडरना बाहेरचं काही खायला देता येत नाही, नियम आहे. सगळ्या जगात रायडरना पोळ्या घेऊन येणारे आम्हीच पहिले असणार. मी ताईंना मराठीत म्हटलं, "ताई, तुम्ही हॉस्पिटलातल्या. तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं रे. आईला कोण सांगणार?"

तेवढ्यात बाजूला सायकल धूत असलेल्या मेकॅनिककडे त्यांचं लक्ष गेलं. पिकलेले केस, साबणाने भरलेले हात. एरिट्रियाचा आहे हे ताईंनी लांबूनच ओळखलं. त्या जवळ गेल्या, "सेलाम" म्हणाल्या आणि थांबल्या. एरवी कुणाच्या बापाला न घाबरणारी बाई, पण पुढचा शब्द फुटेना. मग फुटला. अडखळत, चुकत, भराभर. मेकॅनिकच्या हातातला स्पंज खाली पडला आणि तो खो खो हसत सुटला. त्याचं नाव तेस्फाय. तो मला इंग्रजीत म्हणाला, "या बाई आमच्या गल्लीतल्या लहान मुलींसारखं बोलतात. मी लहान होतो तेव्हाच्या मुली. असं आता तिथेही कुणी बोलत नाही." ताईंची ती भाषा बारा वर्षांची होऊन थांबली होती, तिला पुढे वाढायला मिळालंच नव्हतं.

तेस्फायला नियम लागू नव्हता. त्याने पोळीवर तूप ओतलं, गुंडाळी केली आणि उभ्या उभ्या चार खाल्ल्या. "हिंबाशा," तो म्हणाला, म्हणजे त्यांच्याकडची सणाची गोड भाकरी, "फक्त तुमची पातळ आहे." मग ताईंनी विचारलं, रेडिओवाल्याची मेहरेत माहीत आहे का?

"बाई, आमच्याकडे गल्लोगल्ली मेहरेत आहेत."

"बेकरीच्या शेजारी. वडील लंगडत चालायचे."

तो म्हणाला, सुट्टीत घरी गेलो की विचारतो. तिला निरोप काय देऊ? आम्हाला वाटलं, ताई पाच मिनिटं बोलतील. त्या एकच वाक्य बोलल्या. परतताना बसमध्ये मी त्याचा अर्थ विचारला. "विचारलं, त्या दिवशी घरी नीट पोचलीस का," त्या म्हणाल्या आणि सीमेवरचं वूडलँड्स येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा मिनीबस, पुन्हा गूळपोळ्या. या वेळी त्या फक्त तेस्फायसाठी. टीम आता मोठी झाली होती, गाड्या नव्या, जर्सी नव्या, भोवती पत्रकार. तेस्फायने ताईंना लांबून बघितलं आणि हातातली चेन तशीच टाकून पळत आला. मेहरेत सापडली होती. जिवंत होती, त्याच घरात होती. आणि तिने निरोप धाडला होता: "पोचले. सायकल पाठवणार नाही. घ्यायला ये."

ताई आधी हसल्या. "बघ, बघ कशी आहे! एवढीही बदलली नाही मेली!" असं म्हणत म्हणत त्या रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. आम्ही पुरुष मंडळी इकडेतिकडे बघत उभे. तेस्फाय शेजारी बसला आणि त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाला, "आजोखी."

मग तो जुलै आला. त्यांची टीम फ्रान्सच्या शर्यतीत उतरली, आफ्रिकेची पहिली टीम. आणि उतरून गप्प बसली नाही. त्यांच्यातल्या एका एरिट्रियाच्या पोराने डोंगर चढणाऱ्यांत सर्वांत पुढे असणाऱ्याला मिळते ती लाल ठिपक्यांची जर्सी अंगावर चढवली. त्या रविवारी बेडॉकच्या फ्लॅटवर पाय ठेवायला जागा नव्हती. शिट्ट्या, टाळ्या, शेजारचे चिनी काका काय झालं म्हणून बघायला आले, त्यांनाही पोहे. काकूंनी चष्मा सारखा केला. "पोळी खाल्लेला तो हाच का गं?"

"नाही आई. पोळ्या मेकॅनिकने खाल्ल्या."

"मग या बिचाऱ्याने काय खाल्लं?"

पुढच्या शनिवारी त्यांनी एक टप्पाही जिंकला. आम्ही नाचलो. आणि नाच संपून गोल्फ लागलं तसा ताईंचा हात रिमोटवर. "शेवटचा आला का?" मी वैतागून म्हटलं, "ताई, आज तरी! आज आपण पहिले आलोय!" त्या म्हणाल्या, "म्हणूनच. पहिल्याला बघायला आज सगळे आहेत."

पण अस्मारा काही घडेना. त्या देशाचं शेजारच्या इथिओपियाशी सीमेवरून हाडवैर, व्हिसाची बोंब, विमानांची बोंब. आणि घरात काकू. "तिथून जीव मुठीत धरून आलो आणि तू परत जायचं म्हणतेस?" एवढं म्हणून त्या जपमाळ घ्यायच्या. ताईही वाद घालायच्या नाहीत. मला कधी कधी वाटायचं, त्यांनाही भीती वाटतेय. सगळ्यांच्या मागून येणाऱ्याला हे सोपं असतं, थांबलो तरी कुणाला कळत नाही.

मधल्या काळात माझी नोकरी गेली. बँकेने आमचं काम दुसऱ्या देशात हलवलं. एम्प्लॉयमेंट पासवरच्या माणसाची नोकरी गेली की देशही सोडावा लागतो, आणि लेकीची शाळा अर्ध्यात. रविवारच्या ग्रुपमधले सगळे फोन करून सल्ले द्यायचे. ताईंनी सल्ला दिला नाही. ड्यूटीच्या आधी रोज सकाळी सायकल घेऊन दारात उभ्या. मी पुढे, त्या मागे. एकदा मी चिडून म्हटलं, "काहीतरी बोला ना!" तर पाण्याची बाटली पुढे केली. "मागे पडलेल्याला आधी पाणी द्यायचं. शहाणपण नंतर." वन-नॉर्थ भागात मला दुसरी नोकरी लागेपर्यंत हे चाललं. लागली त्या दिवशी म्हणाल्या, "आता शहाणपण सांगते. खुर्चीवरून उठत जा."

दशक उतरणीला लागलं तशी ती टीमही उतरणीला लागली. चांगले रायडर मोठ्या टीमनी उचलले, जिंकणं थांबलं, पेपरात नाव येईनासं झालं. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा उत्साह मावळला, पोह्यांना येणारी डोकी कमी झाली. ताईंचा उत्साह उलट वाढला. "आता त्यांच्याकडे नीट बघायला हवं," त्या म्हणायच्या, "आता ते मागे आहेत."

आणि एका रविवारी, शर्यत लावायच्या आधी, टीव्हीवर बातमी लागली. ते दोन शेजारी देश एकमेकांशी समेट करत होते. इतकी वर्षं बंद असलेली विमानं सुरू झाली होती. अस्माराच्या विमानतळावर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. कुणी जमिनीवर डोकं टेकत होतं. काकूंनी वॉकर बाजूला सारला आणि म्हणाल्या, "सुलू, ताडपत्री मी सोडली होती."

ताईंनी वळून बघितलं.

"तू रडून रडून काळीनिळी पडली होतीस. मला वाटलं, ती पोरगी दिसेनाशी झाली की थांबशील. थांबली नाहीस. अजून थांबली नाहीस. जा. मी आहे तोवर जाऊन ये."

ताईंनी आईचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "आणि तुझं कोण बघेल इथे?"

अनघा बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मागे राहिलेल्याला पाणी द्यायला आम्ही आहोत ना, ताई."

व्हिसाला वेळ लागला. चांगीच्या विमानतळावर त्यांना पोचवायला आम्ही सगळे गेलो. कार्बनच्या सायकलवरून घंटी काढून त्यांनी पर्समध्ये घेतली होती. सिक्युरिटीवाल्या तरुणीने ती बाहेर काढून विचारलं, हे काय आहे? ताईंनी वाजवून दाखवली. त्या गुळगुळीत विमानतळावर ती घोगरी घंटी वाजली आणि लोक वळून बघायला लागले. आत जाताना ताईंनी एकदाही मागे बघितलं नाही. मला वाटतं, बघितलं असतं तर गेल्या नसत्या.

त्यानंतर काही नाही. तिथे फोन लागत नाही, व्हॉट्सॲप चालत नाही, हे आम्हाला माहीत होतं. तरी काकू दर तासाला, "काही आलं का रे?" अनघा आणि आमच्या ग्रुपमधल्या बाया आळीपाळीने त्यांच्याकडे राहत होत्या. रविवार आला. आम्ही चांगीपर्यंत गेलो. सगळ्यात मागे मी राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं, पण मागे कुणीतरी हवंच होतं. परत येऊन अनघाने पोहे केले. खोबरं सगळ्यांना मिळालं. स्पेनची शर्यत लावली, कुणीतरी जिंकला, मुलाखती झाल्या आणि गोल्फ लागलं.

कुणीही उठलं नाही. काकू त्या हिरव्यागार मैदानाकडे टक लावून बघत होत्या. रिमोट टीपॉयवर होता, पण त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आम्ही सगळे मुकाट्याने, एक माणूस चेंडूभोवती फिरतोय ते बघत राहिलो.

माझ्या फोनवर ईमेल आला. अस्मारातल्या कुठल्यातरी इंटरनेट कॅफेतून आदल्या दिवशी पाठवलेला. फोटो जोडलाय असं लिहिलं होतं, पण फोटो काही आला नव्हता. मी मोठ्याने वाचलं.

"मंदार, सायकल आहे. लाल रंग गेला, मेहरेतच्या नातीने निळा मारलाय. घंटी बसवली. आम्ही दोघींनी चालवली आणि कुणी पुढे बसायचं यावरून भांडलो. आईला सांग, मेहरेत त्या दिवशी थेट विमानतळाच्या फाटकापर्यंत आली होती. आमचं विमान उडेपर्यंत तिथे थांबली होती, मग घरी गेली. आणि आईला सांग, शेवटची पोचली. आता टीव्ही बंद करा."

"विमान उडेपर्यंत?" काकूंनी विचारलं.

"हो काकू."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मग काकूंनी हात पुढे करून रिमोट मागितला आणि स्वतः बटण दाबलं.